बॅटरी उतरतानाचा आवाज

मान वर न करता डावा हात उंचावून त्या म्हणायच्या, "मोजतेय." एवढं म्हटलं की समोर कोणीही असो, त्याने गप्प उभं राहायचं. एकदा आमचे शेठ पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर ताटकळत ठेवून आत आले. "ताई, वो चालीस पीस..." एवढं बोलले तोच हात वर झाला. शेठ अर्धवट उघड्या तोंडाने तसेच उभे राहिले. "...सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ." मग तारेला पीळ, कात्री, आणि त्यानंतर मान वर. "हां, बोला शेठ." तोवर पुण्याचा फोन कट झाला होता.

वाइंडिंगच्या मशीनला वेढे मोजणारा काउंटर होता. पण त्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "त्याला काय, तो फिरतो. मोजते मी," असं म्हणायच्या. छोट्या, कड्यासारख्या गोल कोअरवर तार हातानेच गुंडाळावी लागे, तिथे तर काउंटरचा प्रश्नच नव्हता.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळा गाळा त्यांना ताई म्हणायचा, मीही तेच म्हणतो. मी तिथे लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि त्या चाळिशीच्या अलीकडे. आमचा गाळा अंबरनाथच्या एमआयडीसीत, आनंदनगरच्या बाजूला. शेठ उल्हासनगरचे. त्यांच्या वडिलांचं तिथल्याच सिंधी कॅम्पात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. शेठना दुकानात बसायचं नव्हतं, काहीतरी स्वतः बनवायचं होतं. आधी स्टॅबिलायझर बनवले. मग नव्वदीच्या सुरुवातीला कॉम्प्युटर आले आणि शेठनी मला ठेवलं. मी डिग्रीवाला, गाळ्यातला पहिलाच.

आम्ही काय बनवायचो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खेड्यापाड्यातल्या टेलिफोन केंद्रांत वीज गेली तरी काम चालू राहावं म्हणून बॅटऱ्यांची रांग लावलेली असते. अठ्ठेचाळीस व्होल्ट. तिथे नवे कॉम्प्युटर बसवायचे ठरले. कॉम्प्युटरला पोटात लागतात पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट. आमचा पत्र्याचा डबा त्या बॅटरीतून थेट हे पाच आणि बारा काढून द्यायचा. डब्यात एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि एक मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर ती वीज हवी तशी करून पुढे पाठवतो. सर्किट माझं होतं. ट्रान्सफॉर्मर ताईंचा.

आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय असावा! बॉबिनवर तार अशी बसलेली, की शेजारी-शेजारी झोपवलेली लहान मुलं वाटावीत. थराथरात पिवळी टेप, टेपची कड कुठे वर आलेली नाही. मुंबईहून आलेल्या एका विक्रेत्याने तो हातात घेऊन विचारलं होतं, "इम्पोर्टेड का?" ताईंनी न हसता सांगितलं, "हो. शिवमंदिराच्या पलीकडून."

शिवमंदिराच्या पलीकडे, विहाराच्या मागच्या चाळीत त्या राहायच्या. मिस्टर एका केमिकल कारखान्यात शिफ्टला. मुलगी शाळेत, हुशार. ताई स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजीचा डबा संपला की ज्या वर्तमानपत्रात तो बांधून आणला ते वाचायच्या. तेलाचे डाग पडलेलं, परवाचं, पण शेवटच्या ओळीपर्यंत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांच्या कामाला नाव ठेवता येत नाही आणि म्हणूनच ज्यांच्यासमोर आपण जरा अवघडतो. मी डिग्रीवाला होतो. मला अवघडायला आवडत नव्हतं.

तयार डबे तपासायची आमची पद्धत मजेशीर होती. चार ट्रक-बॅटऱ्या एकाला एक जोडून ठेवलेल्या. डब्याच्या दुसऱ्या टोकाला लोड म्हणून गाडीचे हेडलाइट बल्ब, एका फळीवर ओळीने. डबा चालू केला की गाळ्यात लग्नघर असल्यासारखा उजेड. बॅटरी उतरत जायची, पण बल्ब तसूभरही मंद होत नसत. ते पाहायला मला फार आवडायचं. चव्वेचाळीस व्होल्टला डबा आपोआप बंद पडे आणि टेस्ट पास.

पण हे मी शेवटपर्यंत बघत कधीच बसलो नाही. तासभर बघून चहाला निघून जायचो. माझी स्वतःची सगळी तपासणी टेबलावरच्या, भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या सप्लायवर झालेली, आणि तो सप्लाय कधी थकत नसे. शेवटपर्यंत बसणाऱ्या ताई. कारण त्यांचं टेबल बॅटऱ्यांच्या शेजारीच होतं.

"सर," एक दिवस त्या म्हणाल्या, "हा उतरताना चिरचिर करतो."

"कोण?"

"डबा. बॅटरी शेहेचाळीसच्या खाली आली की. बंद पडेपर्यंत करतो."

मी त्या वेळी नुकताच शेठकडून शाबासकी घेऊन आलो होतो. पुस्तकातल्या सर्किटमधले दोन-तीन भाग मी कमी केले होते, प्रत्येक डब्यामागे तेवढी बचत. "वार्निश नीट भरलं नसेल, ताई," मी म्हणालो. "तार सैल राहिली की वाजते."

त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी आलो तर त्या माझ्याआधी आलेल्या. सगळा लॉट त्यांनी पुन्हा वार्निशमध्ये बुडवून वाळत घातला होता. त्यांच्या बोटांना त्या वासाने चार दिवस सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. "सर, वार्निश नाही ते. तीनदा बुडवून बघितलं. अजून करतो. तुम्ही एकदा येऊन ऐका ना."

"बघतो," मी म्हणालो. नाही बघितलं.

दोनशे डबे कॉम्प्युटर बसवणाऱ्या त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे गेले. तीन महिन्यांनी पुण्याहून तक्रार आली. अकरा डबे जळाले होते. एका केंद्रात तर कॉम्प्युटरचं टेबलच करपलं होतं. कारण काय आणि तुम्ही काय कारवाई केली ते लेखी कळवा, नाहीतर पुढची ऑर्डर रद्द.

जळालेले डबे परत आले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटा बॅटऱ्यांपाशी बसलो. एक चांगला डबा लावला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबलो. सत्तेचाळीस. साडेशेहेचाळीस. शेहेचाळीसच्या खाली काटा गेला आणि तो आवाज आला. बारीक, रातकिड्यासारखा. विजेचे ठोके पडद्यावर दाखवणारा स्कोप लावला. ट्रान्झिस्टरचे ठोके एकसारखे पडत नव्हते. एक लांब, एक तोकडा, एक लांब, एक तोकडा. लांब ठोक्याला ट्रान्झिस्टर भाजून निघत होता. आमच्याकडे बॅटरी वीस मिनिटांत त्या टप्प्यातून पार होई. खेड्यात दिवस-दिवस वीज नसे, तिथे डबा तासन्‌तास त्याच टप्प्यात रखडत होता.

त्यावर उपाय म्हणजे चिमटीत मावतील एवढे दोन भाग. पुस्तकात ते होते. मी काढून टाकलेल्या भागांतले होते ते.

शेठनी दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं. पंखा बंद करून बसले होते, कागद उडू नयेत म्हणून. घामाघूम. "देख," ते म्हणाले, "मला यातलं कळत नाही. तू बनवलंय. सच बोल. डिझाईनमध्ये लोचा आहे की वाइंडिंगमध्ये? जो है सो है. डिझाईन असेल तर दोनशेच्या दोनशे परत घेऊ, काय करणार."

पुष्कळदा मी स्वतःला सांगितलंय की शेठनी मला भरीस पाडलं. नाही पाडलं. त्यांनी सरळ विचारलं आणि मी सरळ उत्तर दिलं.

"वाइंडिंग," मी म्हणालो. "थरांमधलं इन्सुलेशन कमी पडलं. एका लॉटमध्ये."

शेठनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "ताईकडून? नऊ वर्षात नाही झालं कधी." आणि त्यांनी ताईंना बोलावलं.

ताईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "जळालेला एक द्या मला." मीच एक डबा आणून दिला. त्यांनी त्यातला ट्रान्सफॉर्मर काढला, सोल्डरिंगच्या गनने गरम करून कोअर सोडवला आणि शेठच्या टेबलावर एकेक थर उलगडायला सुरुवात केली. पिवळी टेप निघेल तशी पट्टी काचेवर चिकटवत गेल्या.

"एक. दोन. तीन. सरांच्या ड्रॉइंगमध्ये तीन आहेत." मग तार. वेढे मोजून दाखवले. मग पुन्हा टेप. "एक. दोन. तीन." शेवटी टेबलावर नुसती बॉबिन उरली. काचेवर सगळ्या पट्ट्या ओळीने, स्वच्छ पिवळ्या. कुठे डाग नाही की भोक नाही.

"सर, तुम्हीच दाखवा," त्या म्हणाल्या. "कुठे फुटलंय?"

बोलायची वेळ ती होती. शेठ माझ्याकडे बघत होते. मी पट्ट्यांकडे बघत होतो.

"असं दिसत नाही ते," मी म्हणालो. "मायक्रोस्कोपिक असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळ्यांना न दिसणारं."

"मग तुम्हाला कसं दिसलं?"

"मीटरवर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखादा चांगला ओळखीचा माणूस रस्त्यात भलत्याच अवस्थेत दिसला की आपण पटकन नजर बाजूला घेतो ना, तशी त्यांनी ती घेतली. माझी लाज माझ्याआधी त्यांना वाटली.

शेठनी माझ्यावर विश्वास ठेवला. मीटर म्हटल्यावर ते तरी काय करणार? त्यांनी ताईंना कामावरून काढलं नाही. "पॅकिंगला बसा, पगार तोच," म्हणाले. पुण्याला कारवाई दाखवायची म्हणून मी इंग्रजीत एक पान टाइप केलं. कारण : कारागिराचा निष्काळजीपणा. खाली ताईंच्या सहीला जागा. त्यांच्यापुढे ते धरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

"रिपोर्ट आहे. फक्त सही हवी."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही, असं आहे आमच्या घरात," त्या म्हणाल्या आणि पान घडी घालून पर्समध्ये ठेवून घरी घेऊन गेल्या.

स्टोअरकीपर माझ्या मागेच उभा होता. त्या गेल्यावर म्हणाला, "त्यांच्यात जरा जास्तच शिकवतात बोलायला." 'त्यांच्यात' म्हणजे कोणात ते मला नीट कळलं होतं. मी हसलो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काय छळतं असं कोणी विचारलं तर मी मीटरचं सांगेन असं वाटेल. पण कधीकधी रिकाम्या वेळी आठवतं ते हे हसणं. त्याची तर गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पान परत आणलं. मुलीने त्यांना ते वाचून अर्थ सांगितला होता. माझ्या इंग्रजी मजकुराखाली त्यांनी मराठीत, शाळकरी गोल अक्षरात लिहिलं होतं : 'मी सर्व काम ड्रॉइंगप्रमाणे केले आहे. वर लिहिलेली चूक माझी नाही.' खाली पूर्ण नाव आणि सही. ते माझ्या टेबलावर ठेवलं, शेठच्या केबिनच्या दाराशी जाऊन "येते शेठ" म्हणाल्या आणि निघाल्या. पॅकिंगला बसल्या नाहीत.

ते पान मी फाडलं. नवीन टाइप केलं, त्यात सहीची जागाच ठेवली नाही.

पुढचं सगळं माझ्यासाठी छान झालं. चिमटीतले ते दोन भाग मी गुपचूप पुढच्या लॉटमध्ये घातले. जुने डबे 'मेंटेनन्स'च्या नावाखाली थोडे थोडे परत मागवून त्यांतही घातले. त्यानंतर एकही डबा जळाला नाही. ऑर्डर वाढली, शेठनी शेजारचा गाळा घेतला, माझ्या केबिनच्या दारावर पाटी लागली. वाइंडिंगला एकामागून एक माणसं आली. काउंटर फिरायचा, ते बघायचे.

चारेक वर्षांनी पुण्याचे इंजिनिअर गाळा पाहायला आले होते. त्यांच्यातल्या एकाने बोर्डावरच्या त्या दोन भागांवर बोट ठेवून विचारलं, "हा प्रॉब्लेम तुम्हाला सापडला कसा? भले भले चकतात यात."

"आवाजावरून," माझ्या तोंडून निघून गेलं. "बॅटरी उतरताना बारीक आवाज यायचा."

"कान तयार आहे तुमचा," तो म्हणाला.

त्या रविवारी सकाळी मी शिवमंदिराच्या पलीकडे गेलो.

पुढच्या खोलीतच दोन वाइंडिंग मशीनं होती. चाळीतल्या तीन बायका कामाला. ताई उल्हासनगरच्या स्टॅबिलायझरवाल्यांचं काम घेत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, मुलगी आता कॉलेजात. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण तसं दाखवलं नाही. "या सर," म्हणाल्या, आणि खुर्चीवरच्या बॉबिन उचलून जागा केली. चहा आला. मी कपाकडे बघत एकदाचं बोललो, "ताई, ती चूक तुमची नव्हती. माझी होती. डिझाईनची."

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं होतं ना."

बायकांची मशीनं थांबली होती. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा सुरू झाली.

"कंपनीत सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग इथे कशाला आलात?"

खरंच सांगतो, टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मलाही त्या क्षणी कळलं नाही. मी हलका व्हायला आलो होतो, एवढंच.

"मला तुम्ही सांगून काय?" त्या म्हणाल्या. "शेठना सांगा. नऊ वर्षं त्यांनी माझं काम कधी उघडून बघितलं नाही, इतका भरवसा. त्यांना वाटतं मी चुकले. ते टोचतं मला अजून. पैशाचं नाही, कामाचं नाही. काम बघताय ना, भरपूर आहे. फक्त त्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "उद्याच सांगतो."

"लिहून द्या. मराठीत," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या.

सोमवारी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठ खुशीत होते. मला बसवून घेतलं, म्हणाले, "आता तुला पार्टनर करायचं बघतो, माझं वय झालं." मी "शेठ, एक बोलायचं होतं" असं म्हणालोसुद्धा. "बोल ना." मी पुढच्या महिन्यात चार दिवस रजा मागितली. ती लगेच मिळाली.

मग रोज उद्या. बघता बघता वर्षं गेली. बाहेरून स्वस्त तयार सप्लाय यायला लागले, आमचे डबे महाग पडू लागले. शेठना पॅरालिसिसचा झटका आला. मी भेटायला जायचो तेव्हा ते डोळ्यांनी ओळखायचे, पण बोललेलं किती पोहोचतं ते घरच्यांनाही सांगता येत नसे. मी त्यांच्या उशाशी बसून हवापाण्याच्या गोष्टी केल्या. तिथेही नाही सांगितलं. मुलगा त्यांना आपल्याकडे परदेशी घेऊन गेला, आणि दशक संपता संपता गाळा बंद झाला.

त्यानंतर एकदा मी ते पत्र लिहिलं. मराठीत, दोन पानं, सही-तारखेसह. द्यायला आता इथे कोणी उरलं नव्हतं, म्हणून ताईंनाच द्यावं असं ठरवून चाळीत गेलो. खोलीला कुलूप होतं. दारापुढची जागा झाडलेली नव्हती. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"ताई ना? त्या बदलापूरला गेल्या. मुलीला तिकडे बँकेत नोकरी लागली, मोठा ब्लॉक घेतलाय. मशीनंपण नेली. तुम्ही कोण?"

"कंपनीतला," मी म्हणालो. "जुन्या."

"थांबा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बदलापूर म्हणजे अंबरनाथच्या पुढचंच स्टेशन. मध्ये दुसरं काही नाही. बाई वहीचं पान आणि पेन घेऊन बाहेर आल्या, पान भिंतीला टेकवलं आणि लिहायला सुरुवातही केली.

"पत्ता लिहून देते. सोपा आहे, स्टेशनपासून चालत."

"नको, नको," मी म्हणालो. "सहज आलो होतो."